कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने आज्ञावली लेखन : संगणक भाषेच्या निवडीचे निकष

संगणकासाठी आज्ञावली लिहिण्याच्या कामाचे स्वरूप गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदलले आहे. जून २०२१ मध्ये 'गिटहब कोपायलट' हे साधन चाचणी स्वरूपात उपलब्ध झाले. जून २०२२ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' लोकांसमोर आले. त्यानंतर आलेली साधने पुढची ओळ सुचवून थांबत नाहीत. ती संपूर्ण फाइल लिहितात, आज्ञावली चालवून पाहतात, संगणकाने दाखविलेली चूक वाचतात आणि दुरुस्ती करून पुन्हा प्रयत्न करतात. या बदलामुळे एक जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला आहे : कोणती संगणक भाषा निवडली असता काम लवकर आणि बिनचूक होईल?

हा प्रश्न केवळ तज्ज्ञांच्या आवडीनिवडीचा नाही. एखाद्या पतसंस्थेची हिशेबप्रणाली, रुग्णालयाची नोंदवही किंवा महाविद्यालयाची प्रवेशप्रक्रिया एकदा एका भाषेत उभी राहिली, की ती पुढे अनेक वर्षे त्याच भाषेत चालते. ती लिहिण्यास आता काही दिवस पुरतात. मात्र तिच्यातील चूक शोधण्याची आणि नियम बदलल्यावर तिच्यात फेरफार करण्याची जबाबदारी माणसांवरच राहते. कोड कोणीही लिहिला असला, तरी चुकलेल्या हिशेबाचे उत्तर संस्थेलाच द्यावे लागते.

पार्श्वभूमी

आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली 'फोर्ट्रान' ही भाषा १९५७ मध्ये वापरात आली. त्यापूर्वी यंत्राला समजणाऱ्या सूचना बहुतांशी माणसालाच एकेक करून लिहाव्या लागत. फोर्ट्रानमुळे गणिती सूत्राशी मिळतीजुळती ओळ लिहिणे पुरेसे झाले आणि तिचे यंत्रभाषेत रूपांतर करण्याचे काम 'कंपायलर' ही आज्ञावली करू लागली. त्यानंतर व्यापारी हिशेबासाठी 'कोबॉल' आली. १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी 'सी' ही भाषा घडविली. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये 'पायथन' प्रसिद्ध केली, तर 'जावा' आणि 'जावास्क्रिप्ट' या दोन्ही भाषा १९९५ मध्ये आल्या. प्रत्येक भाषेने प्रोग्रॅमरचे काही ना काही कष्ट वाचविले. थोडक्या ओळींत बरेच काम होणे, हे पायथनच्या लोकप्रियतेचे एक प्रमुख कारण मानले जाते.

अमेरिकी संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९८६ मध्ये 'नो सिल्व्हर बुलेट' या निबंधात आज्ञावली लेखनातील अडचणींची दोन भागांत विभागणी केली होती. काही अडचणी हाती घेतलेल्या प्रश्नातच असतात, तर काही अडचणी वापरलेल्या साधनांमुळे निर्माण होतात. व्याकरणाची चिन्हे, तेच ते साचेबद्ध लेखन, विसरलेली आज्ञा शोधत बसणे हे दुसऱ्या प्रकारात मोडते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी या दुसऱ्या प्रकारातील पुष्कळ श्रम कमी केले आहेत. व्याजाची आकारणी नेमकी कोणत्या तारखेपासून करावी, सवलत कोणाला लागू आहे, यांसारखे पहिल्या प्रकारातील प्रश्न मात्र पूर्वीइतकेच कठीण राहिले आहेत.

याचा भाषेच्या निवडीशी थेट संबंध आहे. टंकलेखन साधन करणार असेल, तर 'कमी ओळी लिहाव्या लागतात' या गुणाचे मोल घटते. त्याऐवजी लिहिलेल्या ओळी बरोबर आहेत की नाहीत, हे किती लवकर आणि किती खात्रीने कळते, याला महत्त्व येते.

उपलब्ध कोडचे प्रमाण

ही साधने महाजालावर उपलब्ध असलेल्या प्रचंड प्रमाणातील कोडवरून शिकतात. ज्या भाषेत अधिक कोड उपलब्ध आहे, त्या भाषेत त्यांचे लेखन सामान्यतः अधिक सफाईदार असते. पायथन आणि जावास्क्रिप्ट यांचा या बाबतीत मोठा लाभ झाला आहे. ज्यांची जाहीर उदाहरणे कमी आहेत, अशा भाषांत साधने अस्तित्वात नसलेल्या आज्ञा सुचवितात किंवा दुसऱ्याच भाषेची लकब मिसळून टाकतात, असा अनुभव येतो.

साधनांची गुणवत्ता मोजण्याच्या पद्धतीवरही पायथनचा ठसा आहे. 'ओपनएआय' या संस्थेने २०२१ मध्ये 'कोडेक्स' या मॉडेलची माहिती प्रसिद्ध केली, त्या वेळी १६४ प्रश्नांचा 'ह्यूमनइव्हॅल' हा संच तयार केला होता. त्यातील सर्व प्रश्न पायथनमधील होते आणि कोडेक्सने पहिल्या प्रयत्नात २८.८ टक्के प्रश्न सोडविले होते. पुढे २०२२ मध्ये संशोधकांनी 'मल्टीपीएल-ई' या प्रकल्पाद्वारे हे प्रश्न अन्य १८ भाषांत आणले. २०२३ मधील 'एसडब्ल्यूई-बेंच' या संचातील २,२९४ प्रश्नही पायथनमधील १२ प्रकल्पांतूनच घेतले होते. त्यामुळे एखाद्या साधनाने चाचणीत मिळविलेले गुण वाचताना, ती चाचणी कोणत्या भाषेत झाली हे पाहणे आवश्यक ठरते.

तरीही उपलब्ध कोडचे प्रमाण हा निवडीचा पहिला निकष आहे, शेवटचा नव्हे. पायथन, जावास्क्रिप्ट, टाइपस्क्रिप्ट, जावा, सी-शार्प, गो यांसारख्या बहुप्रचलित भाषांत आजची साधने समाधानकारक लेखन करतात. या पातळीवर पोहोचलेल्या भाषांपैकी एकीची निवड करताना अन्य निकष लावावे लागतात.

श्रम लेखनाकडून तपासणीकडे

'मेटर' या अमेरिकी संशोधन संस्थेने जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात उल्लेखनीय आहे. मुक्त स्रोत प्रकल्पांवर काम करणाऱ्या १६ अनुभवी प्रोग्रॅमरना त्यांच्याच परिचित प्रकल्पांतील २४६ कामे देण्यात आली. काही कामांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना परवानगी होती, काहींत नव्हती. साधनांमुळे वेळ २४ टक्क्यांनी वाचेल, असा त्यांचा आधीचा अंदाज होता. काम संपल्यावरही आपला २० टक्के वेळ वाचला, असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्ष मोजणीत साधने वापरलेल्या कामांना १९ टक्के अधिक वेळ लागल्याचे आढळले.

हा निष्कर्ष २०२५ च्या आरंभी उपलब्ध असलेल्या साधनांपुरता आणि मोठ्या, जुन्या प्रकल्पांपुरता आहे. नव्या छोट्या कामाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. साधनाने लिहिलेले वाचणे, पारखणे आणि सुधारणे यात जाणारा वेळ मनाला सहसा जाणवत नाही. म्हणून उत्पादकतेचा विचार करताना तपासणीचा खर्च कमी करणारी भाषा कोणती, हा प्रश्न विचारणे अधिक योग्य ठरते.

कंपायलरची मदत

माहितीचा प्रकार आधीच निश्चित करण्याची सक्ती असलेल्या भाषांना येथे लाभ मिळतो. ग्राहकाचा क्रमांक ही संख्या आहे की अक्षरांची मालिका, एखादी नोंद रिकामी असू शकते की नाही, हे अशा भाषेत आधीच नमूद करावे लागते. एका ठिकाणी संख्या अपेक्षित असताना दुसरीकडून अक्षरे आली, तर आज्ञावली चालण्यापूर्वीच चूक दाखविली जाते. पूर्वी ही सक्ती जाचक वाटे, कारण ते सर्व तपशील हाताने लिहावे लागत. आता ते साधन लिहिते आणि चूक दाखविणारा संदेशही तेच वाचून दुरुस्ती करते. माणसाच्या नजरेस पडण्यापूर्वीच काही चुका गळून जातात.

या लाभाची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी जावास्क्रिप्टच्या जाहीर प्रकल्पांतील, नंतर दुरुस्त झालेल्या चुका तपासल्या. माहितीचे प्रकार नमूद केले असते, तर त्यांपैकी सुमारे १५ टक्के चुका टाइपस्क्रिप्ट किंवा 'फ्लो' या तपासनीसांनी आधीच पकडल्या असत्या, असे आढळले. हे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे नाही. पण उरलेल्या ८५ टक्के चुकांसाठी चाचण्या आणि माणसाची समज यांनाच पर्याय नाही, हेही त्यातून दिसते.

मायक्रोसॉफ्टमध्ये अँडर्स हेल्सबर्ग यांच्या नेतृत्वाखाली घडलेली 'टाइपस्क्रिप्ट' ही भाषा ऑक्टोबर २०१२ मध्ये जाहीर झाली. ती जावास्क्रिप्टवरच आधारलेली असून तिच्यात माहितीचे प्रकार नमूद करण्याची सोय आहे. गिटहबच्या २०२५ च्या वार्षिक अहवालानुसार, ऑगस्ट २०२५ मध्ये टाइपस्क्रिप्टने पायथन आणि जावास्क्रिप्टला मागे टाकून त्या व्यासपीठावर सर्वाधिक वापराच्या भाषेचे स्थान मिळविले. पायथननेही २०१५ मधील ३.५ या आवृत्तीपासून प्रकार नमूद करण्याची प्रमाणित सोय दिली आहे. ती ऐच्छिक असल्याने साधनाला तसे स्पष्टपणे सांगावे लागते आणि तपासणारी आज्ञावली स्वतंत्रपणे चालवावी लागते.

गो आणि रस्ट

गूगलमध्ये रॉबर्ट ग्रीसमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन यांनी रचलेली 'गो' ही भाषा नोव्हेंबर २००९ मध्ये जाहीर झाली. तिचे व्याकरण लहान आहे, कंपायलर वेगवान आहे आणि कोडची मांडणी एकसारखी करणारे साधन भाषेसोबतच मिळते. साधनाने लिहिलेला आणि सहकाऱ्याने लिहिलेला कोड दिसायला सारखाच असल्याने वाचणाऱ्याचे श्रम वाचतात. मार्च २०१२ मधील पहिल्या आवृत्तीच्या वेळी, त्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या आज्ञावली पुढील १.क्ष आवृत्त्यांतही चालतील, अशी हमी देण्यात आली होती. साधने जुन्या उदाहरणांवरून शिकत असल्याने या स्थैर्याला विशेष अर्थ आहे. याउलट, पायथनची ३.० ही आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली तेव्हा जुन्या आवृत्तीशी तिची पूर्ण सुसंगती नव्हती आणि जुन्या आवृत्तीचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला.

मोझिला संस्थेच्या पाठबळावर वाढलेल्या 'रस्ट' भाषेची पहिली स्थिर आवृत्ती मे २०१५ मध्ये आली. स्मृतीच्या वापरातील अनेक चुका तिचा कंपायलर आधीच रोखतो. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, त्या कंपनीच्या उत्पादनांतील सुरक्षाविषयक त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी स्मृतीशी निगडित होत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या कार्यालयाने प्रसिद्ध केलेल्या अहवालातही स्मृतीच्या दृष्टीने सुरक्षित भाषा वापरण्याचे आवाहन करण्यात आले होते. रस्टचा कंपायलर कठोर असून त्याचे संदेश सविस्तर असतात. साधनाला ते उपयोगी पडतात. मात्र कोड वाचणाऱ्या माणसाला भाषेची चांगली ओळख लागते आणि मोठ्या प्रकल्पात कंपायलरला वेळही अधिक लागतो.

निवड कामानुसार करावी, याचे एक बोलके उदाहरण मार्च २०२५ मध्ये समोर आले. टाइपस्क्रिप्टचा कंपायलर नव्याने उभारण्यासाठी हेल्सबर्ग यांच्या चमूने गो भाषेची निवड केली. जुन्या कोडची रचना जवळपास तशीच ठेवून तो गोमध्ये नेणे सोपे जाईल, हे त्यामागील एक कारण होते. 'व्हीएस कोड' या संपादकाच्या सुमारे १५ लाख ओळींच्या तपासणीला लागणारा वेळ त्यामुळे सुमारे ७८ सेकंदांवरून साडेसात सेकंदांवर आल्याचे सांगण्यात आले. साधन दिवसातून शेकडो वेळा तपासणी करीत असेल, तर या फरकाचे महत्त्व सहज ध्यानात येते.

पॅकेजांचा धोका

आज्ञावली लिहिताना इतरांनी तयार केलेली पॅकेजे वापरली जातात. ही साधने काही वेळा अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचे नाव सुचवितात. २०२५ मध्ये सादर झालेल्या एका संशोधनात १६ मॉडेलांकडून पायथन आणि जावास्क्रिप्टमधील ५ लाख ७६ हजार नमुने लिहून घेण्यात आले. त्यांत सुचविलेल्या पॅकेजांपैकी १९.७ टक्के पॅकेजे काल्पनिक निघाली. व्यापारी मॉडेलांत हे प्रमाण सरासरी ५.२ टक्के, तर खुल्या मॉडेलांत २१.७ टक्के होते. असे काल्पनिक नाव कोणी आधीच नोंदवून त्यात घातक कोड ठेवला, तर तो थेट संस्थेच्या संगणकात शिरू शकतो. ज्या भाषेच्या मूळ संचातच बहुतेक गरजा भागतात, तिथे हा धोका कमी होतो. कोणतीही भाषा असली, तरी नवे पॅकेज माणसाच्या संमतीविना जोडले जाऊ नये, हा नियम पाळणे इष्ट आहे.

देवनागरी मजकुराची कसोटी

मराठी, हिंदी, नेपाळी यांसारख्या देवनागरी लिपीतील भाषांसाठी आज्ञावली तयार करताना आणखी एक कसोटी लागते. 'क्षितिज' हा शब्द वाचकाला ३ अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये तो ७ चिन्हांचा आहे आणि यूटीएफ-८ पद्धतीने साठविल्यास २१ बाइट जागा घेतो. या शब्दाची लांबी विचारल्यास पायथन, जावा आणि जावास्क्रिप्ट ७ हे उत्तर देतात. गो आणि रस्ट यांच्या नेहमीच्या आज्ञेने २१ हे उत्तर मिळते. ३ हे वाचकाच्या मनातील उत्तर या पाचांपैकी एकही भाषा साध्या आज्ञेने देत नाही.

समजा, नावाची पहिली दोन अक्षरे ओळखपत्रावर छापायची आहेत. पायथनमध्ये पहिली दोन चिन्हे घेतल्यास 'क्षिति' ऐवजी केवळ 'क्' हाती लागतो. जागेच्या मर्यादेमुळे हा शब्द २० बाइटांवर छाटला, तर गोमध्ये शेवटचा 'ज' अर्धवट तुटतो आणि कोणतीही सूचना मिळत नाही. रस्टमध्ये आज्ञावली तिथेच थांबते आणि चूक उघड होते. इंग्रजी नावांवर घेतलेल्या चाचण्यांत यांपैकी काहीही दिसणार नाही. साधनाने लिहिलेला कोड व्याकरणदृष्ट्या निर्दोष असेल आणि कंपायलरही त्याला हरकत घेणार नाही. नाव कुठे तोडावे, हे ज्याला लिपी ठाऊक आहे त्यानेच सांगावे लागते. म्हणून चाचणीच्या नमुन्यांत जोडाक्षरे, वेलांट्या आणि रफार असलेली नावे आवर्जून ठेवावीत.

कोणत्या कामासाठी कोणती भाषा

वरील निकषांचा एकत्रित विचार करता, काही सर्वसाधारण दिशा सांगता येतात.

आकडेवारीचे विश्लेषण, यांत्रिक शिक्षण आणि छोट्या कार्यालयीन कामांसाठी पायथन सोयीची आहे. तिथे माहितीचे प्रकार नमूद करण्याचा नियम पहिल्या दिवसापासून लागू करावा.

संकेतस्थळे आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रणालींसाठी टाइपस्क्रिप्ट योग्य ठरते. कठोर तपासणीचा पर्याय सुरू ठेवावा आणि साधनाने तो गुपचूप शिथिल केला नाही ना, याकडे लक्ष द्यावे.

अनेक वर्षे चालणाऱ्या सर्व्हरवरील सेवांसाठी गो, जावा आणि सी-शार्प या भाषांचा विचार करता येईल. लहान चमूला गोचे आटोपशीर व्याकरण उपयोगी पडते.

जिथे वेग आणि सुरक्षितता या दोहोंबाबत तडजोड शक्य नाही, अशा यंत्रणेच्या मुळाशी असलेल्या कामांसाठी रस्टची निवड सार्थ ठरते. मात्र ती वाचू शकणारी किमान दोन माणसे संस्थेत असावीत.

जुनी प्रणाली चालू स्थितीत असेल, तर तिचीच भाषा कायम ठेवणे पुष्कळदा हिताचे असते. साधनाच्या मदतीने कोबॉलमधील प्रणाली दुसऱ्या भाषेत उतरविणे आता पूर्वीपेक्षा सोपे वाटते, परंतु जुन्या प्रणालीत अनेक वर्षांचे अलिखित नियम दडलेले असतात. दोन्ही प्रणालींना समान माहिती देऊन उत्तरे जुळतात की नाही, हे पाहिल्याखेरीज असे स्थलांतर करू नये.

निवड निश्चित करण्यापूर्वी एक छोटा प्रयोग करणे उपयुक्त ठरेल. प्रत्यक्षातील एखादे लहान काम दोन भाषांत साधनाकडून करून घ्यावे. लेखनाला किती वेळ लागला, हे नोंदवावेच. त्यासोबत कोड वाचून समजण्यास किती वेळ लागला, किती चुका कंपायलरने पकडल्या, किती चाचणीत सापडल्या आणि एक नियम बदलल्यावर किती ठिकाणी हात लावावा लागला, याचीही नोंद ठेवावी. हे आकडे कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक विश्वसनीय असतील.

समारोप

साधने दर काही महिन्यांनी बदलत आहेत आणि आज एखाद्या भाषेत त्यांची जी उणीव जाणवते, ती उद्या भरून निघेल. त्यामुळे आजचे साधन कोणत्या भाषेत सर्वांत सफाईने लिहिते, एवढ्यावरच अवलंबून केलेली निवड फार काळ टिकणारी नाही. चूक लवकर दाखविणारी, मांडणीत स्थिर असणारी आणि जबाबदारी घेणाऱ्या माणसांना वाचता येणारी भाषा मात्र साधन बदलले तरी उपयोगी राहते. संस्थेतील एकालाही ज्या भाषेतील कोड वाचून समजत नाही, त्या भाषेत तो कितीही वेगाने तयार झाला, तरी पहिल्या चुकीच्या हिशेबाच्या दिवशी तो वेग निरुपयोगी ठरतो.